एक्का एकाचा की अकराचा?

नमस्कार मंडळी! मेंढीकोट, बदाम सात, पाच-तीन-दोन हे सगळं आपण मे महिन्याच्या सुट्टीत खेळूनच मोठे झालो, पण आजचा डाव जरा वेगळा आहे, कॅसिनोतला, ब्लॅकजॅक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. तुम्हाला दोन पत्ते मिळतात, डीलरला, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्याला, दोन, त्याचा एक उघडा असतो. राजा-राणी-गुलाम प्रत्येकी दहा, एक्का तुमच्या सोयीने एक किंवा अकरा, आणि हवे तर आणखी पत्ते मागून बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेलात की आउट. पहिल्या दोनच पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता आला की ब्लॅकजॅक लागला म्हणायचं. शेजारी बसलेल्याशी तुमचं काही भांडण नाही, सगळ्यांचं वैर एकट्या डीलरशी.

आता हा खेळ आला कुठून? लोक फ्रान्स म्हणतात, कारण तिकडे याला व्हँत-ए-उँ म्हणायचे, म्हणजे सरळ एकवीसच. पण त्याच्याही आधी तो स्पेनमध्ये सापडतो. सर्व्हान्तेस हा स्पॅनिश लेखक, तोच तो डॉन किहोतेवाला, त्याच्या 1613 च्या गोष्टींमध्ये रिंकोनेते आणि कोर्तादियो नावाची दोन टपोरी पोरं आहेत, आणि त्यातला एक पत्त्यांचा मळका कॅट जवळ घेऊन फिरतो, एकवीसचा डाव मांडतो आणि पाहिजे तेव्हा एक्का काढतो, आणि एक्का एक किंवा अकरा हेही तिथेच लिहिलंय! म्हणजे चारशे वर्षांत त्या एक्क्याने आपला स्वभाव बदललेला नाही. सर्व्हान्तेस स्वतः सेव्हिलच्या तुरुंगात राहून आलेला माणूस, त्यामुळे त्याला ही मंडळी जवळून माहीत असणार, असं आपलं माझं मत.

पुढे फ्रेंच लोकांबरोबर खेळ बोटीत बसला. नेपोलियनला कैदेत ठेवायला सेंट हेलेना बेटावर नेत होते त्या जहाजावरही एकवीसचे डाव पडत. इंग्रजांनी मात्र त्या फ्रेंच नावाची पार वाट लावून पाँटून करून टाकलं. अमेरिकेत सोन्याच्या खाणी निघाल्या तिथे 1854 मध्ये एलिनॉर ड्यूमाँट नावाची बाई कॅलिफोर्नियातल्या नेवाडा सिटीत उतरली, तिने स्वतःचा जुगारखाना काढला, आणि पत्ते ती स्वतः वाटायची. मग ब्लॅकजॅक हे नाव? इस्पिकचा एक्का आणि काळा गुलाम एकत्र आला की बोनस, त्यावरून, असं सगळीकडे छापलेलं असतं. पण पत्त्यांच्या इतिहासाचे फ्रेंच अभ्यासक तिएरी दपोलिस म्हणतात की हे नाव 1896 नंतर कॅनडातल्या क्लोंडाइकला सोन्यासाठी जी झुंबड उडाली तिथलं आहे, ब्लॅकजॅक म्हणजे जस्ताचं एक खनिज, खाणवाल्यांना ते सोन्याचांदीच्या आसपास दिसायचं, म्हणून बोनसला ते नाव चिकटलं. मला तरी हेच जास्त पटतं.

1931 ला नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला आणि खेळ टेबलावर उघड आला. आता कॅसिनो यात कमावतो कसा, डीलरला तर सतराला थांबावंच लागतं? तर आधी खेळायचं तुम्ही. तुम्ही बावीसवर गेलात की पैसे तिथेच गेले, मग डीलरही नंतर आउट झाला तरी ते परत नाहीत. एवढीच खोच आहे, पण तिच्यावर अख्खी हॉटेलं उभी आहेत.

मग आले गणितवाले. अमेरिकन सैन्यातल्या चौघांनी टेबलावरच्या कॅल्क्युलेटर मशीनवर आकडेमोड करून 1956 मध्ये एका संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये छापलं की नीट खेळलात तर शंभर रुपयांमागे साधारण साठ पैसेच जातात. ते वाचून एडवर्ड थॉर्प नावाचे गणिताचे प्राध्यापक लास वेगासला गेले आणि चांदीच्या दहा डॉलरपैकी साडेआठ घालवून आले. पण डोक्यात किडा घुसला तो घुसलाच.

घरी एक कॅट घ्या. पहिल्या वाटपात चारही एक्के निघाले आणि तुम्ही पत्ते न पिसता पुढचा डाव वाटला, तर आता ब्लॅकजॅक लागणारच नाही, हो ना? आणि उलट, छोटे छोटे पत्ते आधी निघून गेले असतील तर उरलेल्यात एक्के-राजे दाटीने असणार, मग पैसे वाढवायचे. म्हणजे फाशाला आधी काय पडलं हे आठवत नाही, पण पत्त्यांना आठवतं. थॉर्पनी आयबीएमच्या कॉम्प्युटरवर हे तपासलं, 10 हजार डॉलर घेऊन नेवाडात गेले, ते दुप्पट करून आले आणि 1962 ला पुस्तकच काढलं. कॅसिनोवाले इतके घाबरले की 1964 ला लास वेगासमध्ये नियमच बदलले, तर गिऱ्हाईकच येईना, थोड्याच आठवड्यांत गुपचूप जुने नियम परत! गंमत म्हणजे पुस्तक वाचून येणारे बहुतेक लोक निघालेले पत्ते अर्धवट मोजायचे आणि हरायचे, त्यामुळे धंदा उलट वाढला.

आपल्याकडे काय? ऐका, 1976 ला महाराष्ट्राने कॅसिनोला परवानगी देणारा कायदा केला आणि त्याच वर्षी गोव्याने जुगारबंदीचा. झालं बरोब्बर उलटं! गोव्याने पुढे दुरुस्त्या करत आधी पंचतारांकित हॉटेलात जुगाराची मशीन आणि मग बोटीवर टेबलं येऊ दिली, म्हणून मांडवीत त्या दिव्यांच्या बोटी दिसतात, आणि आपला कायदा अंमलात न येता कागदावरच राहिला, 2023 ला रद्दसुद्धा झाला.

जाताजाता एक. ब्लॅकजॅकच्या टेबलावरच्या हिरव्या कापडावर ब्लॅकजॅक लागला तर किती मिळणार ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तीनास दोन असेल तर हजार रुपयांवर ब्लॅकजॅक लागल्यावर दीड हजार मिळतात, सहास पाच असेल तर बाराशेच. आकडे मोठे दिसतात म्हणून लोक सहास पाचच्या टेबलावर जाऊन बसतात, आणि थॉर्पनी एवढा खटाटोप करून काढलेलं सगळं तिथे त्या एका ओळीत परत जातं.