वाढलेली ताकद जाते कुठे?

नमस्कार मंडळी. परफॉर्मन्स मॉडिफिकेशन हा विषय अफाट आहे, म्हणून आज एकच गाडी समोर ठेवतो: फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. ही गाडी आपल्या चाकणची. २०१३ साली ती बाजारात आली आणि २०२२ मध्ये पोलोचं इथलं उत्पादन थांबलं. आता ती जुन्या बाजारातच मिळते, आणि घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी गाडी ताब्यात येण्याआधीच रिमॅपचा, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचा, भाव विचारून ठेवलेला असतो.

सुरुवातीच्या गाड्यांचं इंजिन १.२ लिटरचं, चार सिलिंडरचं, टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनवालं. १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, तोही १५०० ते ४१०० आरपीएमपर्यंत सपाट. गिअरबॉक्स सात गिअरचा, ड्राय क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे हिशेबाला लागतील.

सगळ्या व्याख्यानाचा गाभा एवढाच, की जोर एका ठिकाणी वाढवला तर भार दुसरीकडे पडतो. ते दुसरं ठिकाण सापडेपर्यंत पाना हातात घेऊ नये.

रिमॅपपासून सुरू करू. स्टेज वन म्हणजे सुटे भाग न बदलता ईसीयूतले, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले, तक्ते बदलणं: टर्बोचा दाब किती, ठिणगी किती अंश आधी, पेट्रोल किती. या इंजिनावर चांगल्या स्टेज वनने टॉर्क २३० ते २४० च्या आसपास जातो. मोठी टक्केवारी आहे, जाहिरातीत छान दिसते. पण याच गाडीच्या डीएसजीची, म्हणजे डीक्यू२०० या गिअरबॉक्सची, कंपनीने सांगितलेली मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. मूळ गाडी त्या मर्यादेच्या ७० टक्क्यांवर चालते; रिमॅपनंतर ९६ टक्क्यांवर. कंपनीने ठेवलेली ३० टक्क्यांची जागा उगाच नव्हती. पुण्यातल्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये गाडी पाऊल-पाऊल सरकते तेव्हा ड्राय क्लच अर्धवट घसरत असतो. त्याला थंड करायला तेल नाही. तापला की घर्षणाचा गुण बदलतो, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथरते, आणि त्यावर जास्त टॉर्क सोडला तर क्लच घसरून जळतो.

इथे बरेच जण गल्लत करतात. क्लचला हॉर्सपॉवर कळत नाही, टॉर्क कळतो. किलोवॅट म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ९५४९. २४० न्यूटन-मीटर २००० आरपीएमला दिले तर ताकद जेमतेम ५० किलोवॅट, म्हणजे मूळ गाडीच्या कमाल ताकदीहूनही (१०५ पीएस, म्हणजे ७७ किलोवॅट) कमी. क्लच आणि कनेक्टिंग रॉडवरचा ताण मात्र कमालीचा. म्हणून ट्यूनरला पहिला प्रश्न ‘किती पीएस मिळतील’ हा विचारू नका. ‘२५०० च्या खाली टॉर्क किती ठेवलाय’ हे विचारा. समजूतदार ट्यूनर खालचा टॉर्क आवळतो आणि वाढ ३०००–३५०० च्या पुढे देतो. सीटवर बसून अंदाज घेणाऱ्याला तो नकाशा (ईसीयूतले बदललेले तक्ते) थोडा मवाळ वाटेल, पण गिअरबॉक्स टिकेल.

खालच्या आरपीएमचा दुसरा धोका इंजिनाच्या आत आहे. छोटं टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिन वरच्या गिअरमध्ये, १५०० आरपीएमला, ॲक्सिलरेटर दाबून ओढलं की मिश्रण ठिणगी पडण्याआधीच पेटू शकतं. सिलिंडरमधला दाब एकदम चढतो आणि पिस्टनच्या दोन रिंगांमधली भिंत तुटते. डीएसजी ‘डी’मध्ये, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्हमध्ये, पेट्रोल वाचवायला लवकर वरचा गिअर टाकतो, त्यामुळे घाटात नेमकी हीच परिस्थिती तयार होते. ताम्हिणी, वरंधा चढताना ‘एस’मध्ये (स्पोर्ट) किंवा हाताने खालचा गिअर धरून चालवा. हा सल्ला फुकटचा असल्यामुळे फारसा कुणी ऐकत नाही.

आता इंधन. कित्येक वर्षं आपलं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं. त्यावर ९५, ९७, ९९ अशी महागडी पेट्रोलं. इंडियन ऑइलचं शंभर ऑक्टेनचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये आलं. नकाशा ९७ वर बसवला आणि कोकणात जाताना मिळेल ते कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरलं, तर नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक, सुरू होणार. नॉक सेन्सर ते ऐकतो, ईसीयू ठिणगी मागे घेतो, गाडी वाचते, पण वाढवलेली ताकद गेली आणि एक्झॉस्टचं तापमान वाढलं. ट्यूनरने ही सुरक्षाच सैल केली असेल तर गाडीही वाचत नाही. त्यात इथेनॉल. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ लागतं, वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन. इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंपाची शिल्लक क्षमता त्यातच खर्च होते, आणि वर आपण दाब वाढवतोय.

ट्यूनिंग बॉक्सबद्दल दोन शब्द. सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये लावायची ही डबी ईसीयूला दाब खरा आहे त्यापेक्षा कमी दाखवते. ईसीयू बिचारा दाब वाढवतो. पण ठिणगीचा हिशेबही तो त्याच खोट्या दाबावर करतो, म्हणून जास्त दाबाला शोभणार नाही इतकी आधी ठिणगी टाकतो. माझ्या मते ‘काढलं की पुरावा राहत नाही’ हा या डबीचा एकमेव गुण आहे, आणि तो गुण विकत घेण्यासारखा नाही.

रिमॅप करायचाच असेल तर आधी गाडी निरोगी आहे का ते बघा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नाही, त्यामुळे तिथे कार्बन साठतो. जुन्या गाडीत तो तपासून साफ करून घ्या. स्पार्क प्लग नवे घाला आणि गॅप फीलर गेजने मोजा, कारण वाढलेल्या दाबाखाली मोठ्या गॅपमधली ठिणगी विझते. मग ओबीडीला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) लॅपटॉप लावून रिमॅपच्या आधी आणि नंतर, तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून ६००० पर्यंत, आरपीएम एका दमात चढवून नोंद करा. हे काम डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, रस्त्यावर नाही. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण), आत येणाऱ्या हवेचं तापमान, आणि प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती मागे घेतली गेली, हे चार रकाने पुरेत. आधी आणि नंतरचा आलेख एकाच डायनोवरचा, एकाच दिवशीचा असावा. नुसता ‘नंतर’चा कागद दाखवणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

एअर फिल्टर आणि एक्झॉस्टवर फार वेळ घालवत नाही. उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची गरम हवा खेचतो. आत येणारी हवा दहा अंशांनी गरम झाली की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते. आवाज मात्र वाढतो, आणि आवाज वाढला की गाडी वेगवान वाटते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला की मागचा ऑक्सिजन सेन्सर लगेच तक्रार करतो, दिवा लागतो. मग तो दिवा सॉफ्टवेअरने बंद करणं हा पुढचा जुगाड, आणि प्रदूषणाचा कायदा तिथे थेट मोडतो.

स्प्रिंगवर मात्र थांबतो, कारण सगळ्यात जास्त नासधूस तिथे होते. गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून ग्राइंडरने एक वेढा कापतात. स्प्रिंगचा ताठपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात बदलतो. सहाचे पाच केले की ती वीस टक्के ताठ झाली. शॉकअप मात्र जुन्याच, मऊ स्प्रिंगच्या हिशेबाचा. त्यामुळे खड्ड्यानंतर गाडी एकदा बसण्याऐवजी दोन-तीनदा उसळते. त्यात गॅसकटर वापरला असेल तर त्या भागाचा टेंपर, म्हणजे पोलादाला दिलेला चिवटपणा, गेला. काही महिन्यांत तिथेच वेढा बसतो किंवा तुटतो. पोलोच्या मागच्या बाजूला टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी तुळई) आहे आणि स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी बसते. ती आखूड केली की जॅक लावल्यावर सैल पडते, जागेवरून सरकते. पंक्चर काढून गाडी खाली ठेवताना ती तिरकी बसली तर पुढच्या वळणावर काय होईल याची कल्पना करा.

गाडी खाली गेली म्हणजे वळणात कमी कलणार, हे मॅकफर्सन स्ट्रटच्या, म्हणजे पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या, गाडीला सरसकट लागू नाही. उंची कमी झाली की खालचा आर्म चाकाच्या बाजूला वर झुकतो. गुरुत्वमध्य चाळीस मिलिमीटर उतरला, पण रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो, त्याहून जास्त उतरतो. या दोन्हींमधलं अंतर, म्हणजे कलवणारा दांडा, लांब होतो. म्हणजे गाडी खाली जाऊनही जास्त कलायला बघते, आणि ताठ स्प्रिंगने आपण ती चूक झाकतो. शिवाय टायरॉड (चाक वळवणारा दांडा) आणि आर्मचे कोन बिघडतात, खड्ड्यात स्टीअरिंग आपोआप ओढतं. उंची कमी करायचीच तर जुळवलेले स्प्रिंग-शॉकअप एकत्र घ्या, पंचवीस-तीस मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका, आणि स्प्रिंग बसल्यावर अलाइनमेंट नक्की करा. आपल्या स्पीडब्रेकरांची उंची कुठल्याही कॅटलॉगमध्ये नसते.

चाकांकडे येऊ. मूळ टायर १८५/६० आर१५, व्यास ६०३ मिलिमीटर. १९५/५० आर१६ चा ६०१, चालेल. रुंद दिसतो म्हणून २०५/५५ आर१६ बसवला तर ६३२, म्हणजे जवळपास पाच टक्के मोठा. स्पीडोमीटरच्या मूळ फरकापलीकडे तो आता पाच टक्के कमी वेग दाखवेल, आणि चाकाशी पोचणारा जोरही तेवढाच घटेल. पैसे देऊन गाडी मंद केली. फोक्सवॅगनच्या चाकाच्या बोल्टची बैठक गोलाकार असते. बाजारातल्या बहुतेक अलॉयची शंकूसारखी. गोल बोल्ट शंकूत घट्ट वाटतो, पण टेकतो फक्त एका कडेवर, आणि धावताना सैल होतो. बोल्ट एम१४, आट्यांचं अंतर दीड मिलिमीटर, घट्ट करायचा १२० न्यूटन-मीटरला, टॉर्क रेंचने. न्यूमॅटिक गनने नाही. स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) घातला तर बोल्ट तेवढा लांब हवा. धोपट नियम असा की व्यासाइतकी पकड, म्हणजे नऊ आटे तरी आत. हबचं भोक ५७.१ मिलिमीटर, अलॉयचं मोठं असेल तर मध्ये नेमक्या मापाची रिंग. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा तपासा.

ब्रेकला लोक शेवटी पोचतात, खरं तर सुरुवात इथून हवी. ११०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवायला सुमारे ४२४ किलोज्यूल उष्णता जिरवावी लागते, १४० वरून ८३२. वेग दीडपटही नाही, उष्णता दुप्पट. पोलोला मागे ड्रम आहेत, त्यामुळे बराचसा भार पुढच्या डिस्कवर. यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट ब्रेक ऑइल. डॉट ४ ताजं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषला की ही मर्यादा १५५ वर येते. घाट उतरताना ते उकळलं, तर वाफ दाबली जाते, पेडल तळाला टेकतं. दर दोन वर्षांनी बदला. नवे पॅड बसवल्यावर ताशी साठवरून दहापर्यंत आठ-दहा वेळा आणा, पूर्ण न थांबता, मध्ये हवा लागू द्या. चौकशी न करता फक्त पुढचे ब्रेक मोठे करू नका, पुढचं-मागचं प्रमाण बिघडतं. डिस्कला घरी ड्रिलने भोकं पाडणाऱ्यांना मात्र माझ्याकडे सभ्य शब्द नाहीत.

दिव्यांचा हिशेब अर्ध्या मिनिटाचा. साठ वॅटच्या जागी १३० वॅटचा बल्ब म्हणजे पाच ॲम्पिअरऐवजी जवळपास अकरा. त्याच तारेत, त्याच होल्डरमध्ये उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, जवळपास पावणेपाच पट. होल्डर वितळतो. फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज घातला, तर फ्यूजऐवजी तार जळते.

कायद्याचं सांगतो आणि थांबतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, यांचा अर्थ सरळ आहे: आरसी पुस्तकात नोंदवलेल्या, कंपनीने मंजूर करून घेतलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला न सांगितलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरला सापडतो, आणि दावा तिथे अडकतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१३ च्या जीटी २०२८ मध्ये नूतनीकरणासाठी आरटीओपुढे तपासणीला उभ्या राहतील. तेव्हा मूळ सायलेन्सर, मूळ स्प्रिंग, मूळ चाकं आणि ईसीयूची मूळ फाइल लागेल. काढलेले भाग भंगारात देऊ नका, आणि फाइलची प्रत ट्यूनरकडे नाही, स्वतःकडे ठेवा.