पांढऱ्या पट्ट्यांच्या मागे मागे

[दृश्य: टांगलेला वजनकाटा. एकामागून एक सॅक त्याला अडकवल्या जातात.]

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं अ‍ॅमिकॅलोला फॉल्स. मार्च महिना, सकाळची बोचरी थंडी. इथे एक वजनकाटा टांगलेला आहे आणि निघण्याआधी ज्याची त्याची सॅक त्याला लटकवून बघायची पद्धत आहे. काटा पंधरा किलोवर थांबला तर सॅकचा मालक हसतो. बावीसवर गेला तर आजूबाजूचे हसतात.

या सॅका पाठीवर घेऊन मेन राज्यातल्या कटाहडिन पर्वतापर्यंत चालत जायचंय. अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर, वाटेत १४ राज्यं, वेळ पाच ते सात महिने. हीच अ‍ॅपलेशियन ट्रेल. दरवर्षी तीन हजारांहून जास्त लोक ती एका दमात पुरी करायची म्हणून निघतात. चारांतला एखादाच पोचतो.

बाकीच्या तिघांचं काय होतं? घरच्यांना वाटतं, अस्वल! अस्वलं आहेत, पण त्यांचा डोळा माणसावर नसतो, त्याच्या शिध्यावर असतो. लोक परत फिरतात ते गुडघ्यांपायी, संपलेल्या पैशांपायी आणि ओल्या मोज्यांपायी. सलग सहा दिवस पाऊस लागला की सकाळी तेच थंडगार, पिळून काढलेले मोजे पुन्हा पायांत चढवायचे असतात, कारण कोरडी जोडी फक्त झोपताना घालायची असते. तीही भिजवली तर रात्र कशी जाईल, हे वेगळं सांगायला नको. जंगलातल्या थरारावर खूप बोललं जातं. या मोज्यांवर फारसं कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते निम्मी ट्रेल तिथेच हरली किंवा जिंकली जाते.

[दृश्य: झाडाच्या खोडावर रंगवलेली पांढरी पट्टी. मग दुसऱ्या झाडावर. मग खडकावर.]

वाट दाखवायला आहेत या पट्ट्या. पाच सेंटीमीटर रुंद, पंधरा सेंटीमीटर उंच, पांढरा रंग. एकावर एक दोन दिसल्या की पुढे वळण आहे, लक्ष द्या. निळी पट्टी दिसली तर बाजूला पाणी असेल किंवा शेल्टर, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाचा निवारा. जॉर्जियापासून मेनपर्यंत हीच खूण, आणि ती रंगवत राहणारे, पडलेली झाडं कापून वाट मोकळी करणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक. शनिवार-रविवारी करवत, कुदळ घेऊन डोंगरात येतात. ही वाट निसर्गाने दिलेली नाही. दरवर्षी नव्याने राखली नाही, तर झाडी ती गिळून टाकेल.

अ‍ॅमिकॅलोलापासून सुमारे ६५ किलोमीटर चाललं की नील गॅप ही खिंड लागते. तिथे ट्रेल एका दगडी इमारतीच्या छताखालून जाते, आणि त्या इमारतीत दुकान आहे. बाहेरच्या झाडावर बुटांचे जोड लटकताहेत. कुणी नवे घेतले म्हणून जुने भिरकावले, कुणी इथेच रामराम ठोकला म्हणून. आत दुकानातली माणसं, तुम्ही म्हणाल तर, तुमची अख्खी सॅक जमिनीवर ओततात आणि एकेक वस्तू उचलून विचारतात, ही कशाला? जाडजूड पुस्तक, कुऱ्हाड, दुसरी जीन्स. खोक्यात भरून सगळं टपालाने घरी. अनोळखी माणसांसमोर आपल्या भीतीचं असं प्रदर्शन मांडणं सोपं नसतं. कारण सॅकमध्ये जास्तीचं जे जे असतं, ते कुठल्या ना कुठल्या भीतीपोटीच घेतलेलं असतं.

[दृश्य: शेल्टर. पाऊस. आत ओळीने अंथरलेल्या स्लीपिंग बॅग.]

आता हे शेल्टर नीट बघा. लाकडी जमीन, वर छप्पर, तीन भिंती. चौथी भिंत नाही, पुढची बाजू सताड उघडी. अशी अडीचशेहून अधिक शेल्टर वाटेवर आहेत. आढ्याला दोऱ्या बांधल्यात. प्रत्येक दोरीवर मधोमध एक रिकामा पत्र्याचा डबा उपडा ओवलाय आणि खालच्या टोकाला काटकी. काटकीला खाण्याची पिशवी अडकवायची. रात्री उंदीर दोरीवरून उतरतो, उपड्या डब्यावर येतो, डबा कलंडतो, उंदीर खाली. खाली बरेचदा कुणाचं तरी तोंड असतं. एक किंचाळतो, अकरा जण खदखदतात. आठ जणांच्या जागेत पावसात बाराजण झोपलेले असतात, कारण रात्री नऊला चिखलाने माखलेला तेरावा आला तरी सगळे अंग चोरून सरकतात. त्याला नाव-गाव कुणी विचारत नाही. पाणी उकळतंय, चहा घे, एवढंच.

कोपऱ्यात एक वही असते. येणारा प्रत्येक जण तीत चार ओळी लिहितो. पुढचा झरा आटलाय, अमक्याला सांगा मी दोन दिवस पुढे आहे, आज वाढदिवस आणि नूडल्स. ज्यांची कधी गाठ पडली नाही, अशांची या वहीतून ओळख होते. तीन राज्यं ज्याचं अक्षर वाचत आलो, तो एके दिवशी झऱ्यावर बाटली भरताना भेटतो.

वहीत खरी नावं नसतात. प्रत्येकाला एक ट्रेल नेम असतं, आणि ते शक्यतो दुसऱ्याने ठेवायचं. भात करपवला, करपट. घोरतो, इंजिन. आपल्या वारीत सगळे एकमेकांचे माउली होतात, कोण वकील आणि कोण शेतमजूर हे मागे राहतं, तसंच काहीसं इथे घडतं. फरक इतकाच की इथे नाव ठेवताना थोडी खोड काढायची मुभा आहे.

एक गंमत इथेच सांगितली पाहिजे. सोबतीसाठी नावाजलेली ही वाट ज्या दोन माणसांनी उभी केली, त्यांचंच आपसात पटलं नाही. बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये एका लेखातून ही कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात उतरवली मायरन एव्हरी या वकिलाने. मोजणीचं चाक ढकलत हा गृहस्थ डोंगर पालथे घालायचा. व्हर्जिनियात डोंगराच्या माथ्यावरून मोटाररस्ता होऊ द्यायचा की नाही, यावरून दोघांचं बिनसलं आणि १९३५ मध्ये संबंध तुटले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, ट्रेल सलग जोडली गेली.

[दृश्य: जुना कृष्णधवल फोटो.]

हा अर्ल शेफर. दुसऱ्या महायुद्धातून परतलेला जवान. ज्याच्यासोबत ही वाट चालायचं ठरवलं होतं, तो मित्र इवो जिमाच्या लढाईत मारला गेला होता. १९४८ मध्ये शेफर एकटाच निघाला आणि एका हंगामात टोकापासून टोकापर्यंत गेला. आधी जाणकारांनाही ते खरं वाटेना. तोच माणूस १९९८ मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी, पुन्हा सगळी ट्रेल चालला.

आणि या एमा गेटवूड. ओहायोच्या, अकरा मुलांची आई. नवऱ्याचा मार खात निम्मं आयुष्य गेलेलं. १९५५ मध्ये, ६७व्या वर्षी, जरा चालून येते असं मुलांना सांगून त्या निघाल्या. पायांत साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली जाड कापडाची पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. तंबू नाही. रात्री कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या सोफ्यावर, नाहीतर पाचोळ्याच्या ढिगावर. काही घरांनी जेवू घातलं, काही घरांनी दार लावून घेतलं. त्या कटाहडिनला पोचल्या. पुढे आणखी दोनदा ही वाट त्यांनी पुरी केली. महागडं सामान मांडून बसलेल्या प्रत्येक नव्या हायकरला कुणी ना कुणी ही गोष्ट ऐकवतंच.

[दृश्य: हिरवं रान. चालणाऱ्याच्या पाठीमागून, बराच वेळ काहीच बदलत नाही.]

व्हर्जिनिया. ट्रेलचा जवळजवळ पाव हिस्सा या एकाच राज्यात. पाय आता तयार झालेत, पण मन विटतं. डोक्यावर पानं, पायाखाली पानं, आठवडेच्या आठवडे. पोटाची भूक मात्र राक्षसी. तीन-चार दिवसांचा शिधा पाठीवर, त्यात नूडल्स, शेंगदाण्याचं लोणी, मक्याच्या किंवा मैद्याच्या पोळ्या. कितीही खाल्लं तरी शरीर झडतच जातं. म्हणून पेनसिल्व्हेनियात, निम्मी वाट संपते तिथल्या पाइन ग्रोव्ह फर्नेसच्या दुकानासमोर माणसं एका बैठकीत जवळजवळ दोन लिटर आइस्क्रीम संपवायच्या पैजेला बसतात. शेवटच्या चमच्यांना काही जण हिरवे-पिवळे पडतात आणि भोवतीचे टाळ्या वाजवत असतात.

मधूनच एखाद्या डांबरी रस्त्याच्या कडेला कुणीतरी गाडीचं मागचं दार उघडून उभं असतं. थंड सोडा, केळी, शेगडीवर बर्गर. पैसे घेत नाहीत. याला ट्रेल मॅजिक म्हणतात, आणि देणाऱ्यांत स्वतः कधीकाळी ही वाट चाललेले पुष्कळ असतात.

आजारपणं येतात. हरणांवरची गोचीड इतकी बारीक की अंगावर तीळ आहे असं वाटावं, आणि तिच्यापासून होणारा लाइम आजार सांधे धरतो. गर्दीच्या शेल्टरमध्ये नोरोव्हायरस पसरला की रात्रभर उलट्या, आणि इथे सॅनिटायझर चालत नाही, साबणच लागतो. अशा वेळी कोण सॅक उचलतं, कोण गावापर्यंत सोबत करतं, हे दिसून येतं.

पण सोबतीलाही मर्यादा आहे, तीही दाखवली पाहिजे. दोन महिने एकत्र चाललेली चौकडी फुटते. भांडण होत नाही. एकाची चाल दिवसाला तीस किलोमीटर, दुसऱ्याचा घोटा सुजलेला. ज्याने त्याने आपल्या चालीने जायचं, हा इथला अलिखित नियम. पुढच्या वहीत भेटू म्हणतात आणि बरेचदा भेटत नाहीत.

[दृश्य: मेन. दाट, एकसारखं जंगल, वरून.]

२०१३ सालचा जुलै. ६६ वर्षांची एक बाई इथून चालली होती. तिची सोबतीण घरच्या अडचणीमुळे काही आठवड्यांपूर्वी परत गेली होती. सकाळी शेल्टरमधून निघताना दुसऱ्या हायकरने तिचा हसरा फोटो काढला. त्याच दिवशी लघवीसाठी ती ट्रेल सोडून आत गेली आणि तिला पुन्हा वाट सापडली नाही. नवऱ्याला पाठवलेले मेसेज रेंज नसल्याने गेलेच नाहीत. मोठा शोध झाला. दोन वर्षांनी तिचा तंबू सापडला, ट्रेलपासून तीन-चार किलोमीटरच्या आत. तिच्या वहीवरून दिसलं की ती तिथे तीन आठवड्यांहून अधिक काळ जिवंत होती. इथे रान इतकं गच्च आहे की पट्टीकडे पाठ केली आणि पन्नास पावलं गेलं, तरी दिशा हरपते.

वाटेवर या रानाच्या आधी, न्यू हॅम्पशायरची सीमा ओलांडली की महूसक नॉच. दोन कड्यांमधल्या घळीत घराएवढाल्या दरडी कोसळून पडल्यात आणि वाट त्यांच्यावरून, मधून, खालून जाते. दीड किलोमीटरला दोन तास सहज लागतात. फटीत जुलैतही बर्फ सापडतो. एका बोगद्यात सॅकसकट माणूस मावत नाही. मग पहिला पोटावर सरपटत पलीकडे जातो, दुसरा सॅका ढकलतो, तिसरा मागून सांगतो, डावा पाय खाली, आणखी खाली, हां. एकटा आलेला इथे पुढे रेटत नाही. खडकावर बसून मागच्याची वाट बघतो.

आणि केनेबेक नदी. रुंद, आणि वरच्या धरणातून पाणी सुटलं की बघता बघता चढणारी. १९८५ मध्ये ती पायी ओलांडताना एक बाई बुडाली. त्यानंतर इथे होडी ठेवली गेली, हंगामात ठरलेल्या वेळी, फुकट. नावाडी आधी लाइफ जॅकेट घालायला लावतो. होडीच्या तळाशी एक पांढरी पट्टी रंगवलीये, म्हणजे हाही अधिकृत ट्रेलच.

[दृश्य: ढगांत शिरणारा खडकाळ माथा. लाकडी फलक.]

कटाहडिन, ५,२६७ फूट. ऑक्टोबरच्या मध्याआधी पोचायचं, नाहीतर हिवाळा वाट अडवतो. माथ्यावरच्या झिजलेल्या फलकाला कुणी मिठी मारतं, कुणी त्यावर चढून फोटो काढतं. मग त्याच गुडघ्यांनी आठ किलोमीटर खाली उतरायचं.

खाली आल्यावर मिलिनॉकेट गावापर्यंत तीस-चाळीस किलोमीटर. रस्त्याकडेला अंगठा दाखवून उभं राहायचं. अंगाला सहा महिन्यांचा वास, दाढी छातीपर्यंत. एक जुना पिकअप ट्रक थांबतो. चालवणारी आजी चारही काचा खाली करते, मागच्या सीटवर जुनी चादर अंथरते आणि विचारते, आधी जेवण की आधी आंघोळ?

जेवण, असंच उत्तर येतं.