गुलाबी संपल्या

नमस्कार, श्रोतेहो. इंदूरच्या एका इस्पितळात मी 31 वर्षं स्टोअर सांभाळलं. डॉक्टरांची नावं पाटीवर असतात, स्टोअरवाला आठवतो तो वस्तू मिळाली नाही तरच!

एकदा रात्री अडीचला, म्हणजे सराफ्यातली खाऊगल्लीही आवरत आलेली असते तेव्हा, वॉर्डातून फोन आला. "काका, गुलाबी संपल्या." गुलाबी म्हणजे वीस नंबरचा कॅन्युला, सलाइनसाठी शिरेत घालतात तो. बावीसचा निळा, लहान मुलांचा चोवीसचा पिवळा. स्टोअरला कुलूप, किल्ली रामबागेत माझ्या उशाखाली. सिस्टर शेजारच्या वॉर्डातून उसन्या घेऊन आल्या. सकाळी त्यांचंच कपाट उघडलं, तर कापसाच्या बंडलामागे चाळीस गुलाबी! वेळेला मिळत नाहीत म्हणून कुणीतरी दडवलेल्या, आणि दडवल्या म्हणून वेळेला मिळत नव्हत्या.

यावरचा उपाय मोटारीच्या कारखान्यातून आलाय. युद्धानंतर जपानात टोयोटाकडे पैसा नव्हता, माल साठवून ठेवणं परवडत नव्हतं. ताइची ओनो या इंजिनिअरने पद्धत बसवली: पुढच्याने मागितलं की मागच्याने द्यायचं. जगाने पुढे तिला इंग्रजीत 'लीन', म्हणजे सडपातळ, म्हटलं. आम्ही केलं ते एवढंच. प्रत्येक वस्तूचे दोन डबे. पुढचा संपला की मागचा ओढायचा आणि रिकाम्या डब्यातलं कार्ड स्टोअरला पाठवायचं. कार्ड आलं की मी डबा भरणार. मिळण्याची खात्री झाली, तसं दडवणं आपोआप थांबलं.

रक्ताच्या नमुन्यांचंही तेच. ट्रे भरेपर्यंत वॉर्डबॉय थांबायचा, म्हणून सकाळी सातचं रक्त अकराला लॅबमध्ये. रिपोर्ट येईतो डॉक्टर राउंड उरकून गेलेले, पेशंटला घरी सोडणं दुसऱ्या दिवसावर. इकडे धारहून पहाटेच्या बसने आलेला पेशंट त्याच खाटेची वाट बघत स्ट्रेचरवर. ट्रे अर्धा असतानाच न्यायला लागलो, तर त्याच माणसांत काम भागलं.

काही मालक मात्र लीन म्हणजे माणसं कमी करणं समजतात. त्याला मी काटकसरही म्हणणार नाही. अमेरिकेत सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाचे वरिष्ठ 2002 साली जपानचे कारखाने पाहून आले. तिथे पेशंटला धोका दिसला तर कुठलाही कर्मचारी काम थांबवू शकतो. आपल्याकडे सिस्टरने सर्जनला "थांबा" म्हणून बघावं!

रात्रीचा फोन त्यानंतरही एकदा आलाच. "काका, दोन्ही डबे रिकामे." कार्ड कुठाय? सिस्टरच्या ॲप्रनच्या खिशात, आणि ॲप्रन धोब्याकडे. मी नवं रजिस्टर आखायला बसलो होतो. त्यांनी वॉर्डबॉयकडून डब्याशेजारी एक खिळा ठोकून घेतला, हाताला येईल असा, कार्ड अडकवायला.