बांधाकडची चार झाडं

हा जो कुकर दिसतोय ना, झाकणावर काळा डाग पडलेला, हा आमचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं जंतू मारायचं यंत्र. द्राक्षावरच्या डावणी रोगावर मित्रबुरशी चालते का, ते आम्ही पोरं तपासतोय, त्यासाठी. डिपार्टमेंटला खरा आहे, पण रविवारी कुलूप आणि आमचं अर्धं काम रविवारीच, मग टीममधल्या एकीच्या आईनं घरातला कुकरच देऊन टाकला. वर म्हणाली, "परत आणू नका रे बाबांनो, बुरशीच्या कुकरात मी वरण लावणार नाही." १५ पौंड प्रेशर, १२१ डिग्री, २० मिनिटं. आत बुरशीचं खाद्य, म्हणजे बटाट्याचं पाणी, डेक्स्ट्रोज साखर आणि ते थिजवायला अगर, लिटरला बटाटे २०० ग्रॅम, तेही कॉलेज रोडच्या भाजीवाल्या मावशींकडून, पैसे घेतील तर शप्पथ.

हे काचेच्या प्लेटांत ओतून थिजवायचं, आणि त्यावर आम्ही ट्रायकोडर्मा वाढवतो, मातीतली मित्रबुरशी, चार-पाच दिवसांत हिरवीगार होते. पण जिच्यावर ती सोडायची ती डाऊनी, म्हणजे बागेतली डावणी, ती अशी प्लेटीत वाढतच नाही, तिला जिवंत द्राक्षाचं पानच लागतं. हे आम्हाला कळलं दोन महिने वाया घालवल्यावर. पुस्तकात होतं म्हणे, आम्ही तो धडा सोडलेला.

मग निफाडकडचे द्राक्षवाले काका भेटले. ऑक्टोबर छाटणी होऊन गेलेली, पोंग्यातून, म्हणजे फुगलेल्या डोळ्यातून, चार-पाच पानं बाहेर आलेली आणि वरून पाऊस, म्हणजे द्राक्षवाल्याची झोप उडायचे दिवस. अख्ख्या बागेत फवारणीचा ब्लोअर फिरत होता आणि काकांनी बांधाकडची चार झाडं आमच्यासाठी बिनफवारणीची ठेवली! नाशिककराला सांगायला नको, तिथला डावणीचा एक डाग ओल मिळाली की शेजारच्या ओळी धरतो. काकू दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. बरोबरच होतं त्यांचं.

पानाखालची ती पांढरी बुरशी रात्रीच्या दमटपणात येते, ताजी हवी तर ऊन चढायच्या आत गाठायची, म्हणून पहाटेची एसटी. थर्माकोलच्या डब्याला कंडक्टर काका स्वतःच्या सीटखाली जागा द्यायचे आणि गर्दी झाली की ओरडायचे, "पोरांचं सॅम्पल आहे, पाय लावू नका."

त्यांना थँक्यू. रविवारी किल्ली घेऊन येणाऱ्या लॅबच्या मामांना थँक्यू, आणि पन्नास-शंभर यूपीआय करून "बाळांनो नक्की करताय काय" असं विचारणाऱ्या सगळ्यांनाही.

तर करतोय हे. ओल्या टिपकागदावर उलटी ठेवलेली ही पानं बघा. डावीकडच्यांवर ट्रायकोडर्मा दिलाय, उजवीकडच्यांवर नुसतं पाणी. उजवीकडे कापसासारखं पांढरं, डावीकडे कमी, पण आहेच.

निफाडच्या काकांनी फोटो बघून लगेच विचारलं, "मग यंदा फवारण्या किती कमी करू?" आम्ही म्हटलं काका एकही कमी करू नका, प्लेटीतलं पान वेगळं आणि बाग वेगळी, आधी बागेत बघू दे.

यंदाची झाडं ठरलीयेत. चारच, काकूंनी स्वतः मोजून रिबिनी बांधल्यात.