कॉम्प्रेसर : जागाही कमी, आवाजही कमी

नमस्कार. माझ्या मागे, गाडीच्या बॉनेटसमोर, जी मोकळी जागा दिसते आहे, ती बराच काळ आडव्या टाकीच्या एका कॉम्प्रेसरने, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणाऱ्या यंत्राने, अडवली होती. तो सुरू झाला की गॅरेजमध्ये बोलणे अशक्य होई आणि भिंतीपलीकडे झोपलेले माणूस दचकून उठे. जागा आणि आवाज या दोन निराळ्या तक्रारी आहेत, असे मी तेव्हा धरून चाललो होतो. प्रत्यक्षात यंत्र कुठे आणि कशावर ठेवायचे, एवढे नीट ठरवले की दोन्ही तक्रारी बऱ्याच अंशी मिटतात.

आधी जागेचा हिशेब पाहू. 40 सेंटिमीटर व्यासाची आणि 80 सेंटिमीटर लांबीची टाकी सुमारे 100 लिटरची होते. ती आडवी असेल तर 0.32 चौरस मीटर जमीन व्यापते आणि उभी असेल तर 0.16, म्हणजे बरोबर निम्मी. मात्र यासाठी मुळातच उभ्या टाकीचे यंत्र घ्यावे लागते. आडवे यंत्र स्वतः उभे करू नये, कारण त्याच्या पंपातले तेल आणि टाकीतले पाणी काढण्याचा कॉक, दोन्ही आडव्या ठेवणीचा विचार करूनच बसवलेले असतात. टाकीला नवे पाय वेल्ड करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. दाबाखालच्या टाकीवर घरगुती वेल्डिंग म्हणजे जिवाशी खेळ आहे. उभे यंत्र डोईजड असते, त्यामुळे ते उलटणार नाही याची तजवीज पहिल्याच दिवशी करावी.

जमीन वाचवण्याचा दुसरा सर्रास दिसणारा उपाय म्हणजे भिंतीवरची फळी, आणि तिथे माझी चांगलीच फसगत झाली. यंत्र फळीवर चढवून सुरू केले, तेव्हा फळीवर विसरलेला एक वॉशर थरथरत, इंचाइंचाने सरकत कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. जो थरकाप त्या वॉशरला चालवत होता, तोच भिंतीत शिरत होता आणि हलक्या बांधणीची ती सबंध भिंत ढोलाच्या कातड्यासारखी घुमत होती. जमीन मोकळी झाली, पण आवाज पहिल्यापेक्षा वाढला. छोटे यंत्र आणि भक्कम भिंत असेल तरच, तेही मध्ये रबर घालून, फळीचा विचार करावा.

आता आवाज कुठून निघतो ते पाहू. बहुतेकांचा संशय मोटरवर असतो, पण पिस्टनच्या यंत्रात हवा आत ओढण्याच्या तोंडाचा वाटा फार मोठा असतो. पिस्टन खाली येताना झडप उघडते, हवा धक्क्याधक्क्याने आत जाते आणि तो धपधप आवाज फिल्टरमधून थेट खोलीत येतो. त्या तोंडाला नळी जोडून ती भिंतीबाहेर न्यावी आणि फिल्टर बाहेरच्या टोकाला, पाऊस लागणार नाही असा बसवावा. नळी मूळ तोंडापेक्षा अरुंद मुळीच नसावी. लांबी वाढली तर व्यासही वाढवावा, नाहीतर पंपाची दमछाक होते. एवढ्या छोट्या कामाने पडणारा फरक मला सर्वांत जास्त भावला.

डेसिबलचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 10 डेसिबल कमी होणे म्हणजे ध्वनीची ऊर्जा एक दशांश होणे, आणि कानाला मात्र आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणून नवे यंत्र घेताना कमी फेऱ्यांचा, पट्ट्यावर चालणारा, तेलाचा पंप निवडला, तर वेगाने फिरणाऱ्या बिनतेलाच्या स्वस्त यंत्रापेक्षा तो बहुधा बराच शांत असतो.

थरकाप अडवण्यासाठी पायांखाली जाड रबरी पॅड घालावेत. पाय काँक्रीटला थेट आवळले, तर थरकाप जमिनीत उतरतोच. शिवाय जमीन असमतल असेल तर पायांच्या वेल्डवर ताण येऊन तडा जाऊ शकतो. टाकी आणि भिंतीवरचा पक्का नळ यांच्यामध्येही लवचीक होजचा तुकडा हवा. हा नळ पीव्हीसीचा नसावा, कारण दाबाखालचे पीव्हीसी फुटले की त्याच्या धारदार ठिकऱ्या उडतात. तांबे, ॲल्युमिनियम किंवा लोखंड वापरावे.

एवढे करूनही समाधान झाले नाही, तर पेटी. माझी पहिली पेटी प्लायवूडची, आतून गालिचा लावलेली आणि चारी बाजूंनी बंद होती. वीस मिनिटे सुरेख शांतता होती, मग मोटरचा ओव्हरलोड, म्हणजे ती फार तापली की वीज तोडणारा स्विच, उडाला आणि पेटी उघडताच तापलेल्या रंगाचा वास अंगावर आला. कॉम्प्रेसरला दिलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होते. म्हणजे दीड किलोवॉटचे यंत्र पेटीत ठेवणे हे दीड किलोवॉटचा हीटर पेटीत ठेवण्यासारखेच आहे. आतली हवा बाहेरच्यापेक्षा 10 अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल, तर यंत्र सतत चालताना तासाला सुमारे 450 घनमीटर हवा पंख्याने बाहेर काढावी लागते. हवेच्या वाटा सरळ भोके पाडून करू नयेत. आतून रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) लावलेल्या नागमोडी खोक्यातून वाट वळवावी, म्हणजे हवा वळते आणि आवाज वळणावळणावर जिरतो. पेटीच्या भिंती जड असाव्यात. नुसता फोम चिकटवल्याने आतला घुमारा कमी होतो, आवाज अडत नाही.

जमत असेल, तर माझे मत सरळ आहे : यंत्र गॅरेजबाहेर, भिंतीला लागून, छप्पर असलेल्या जाळीदार कोनाड्यात ठेवावे, मात्र शेजाऱ्याच्या खिडकीखाली नव्हे. गॅरेजची जमीन पूर्ण मोकळी होते आणि पेट्रोलची जड वाफ जिथे साचते तिथून प्रेशर स्विचची, म्हणजे टाकीतल्या दाबानुसार मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचची, ठिणगीही दूर राहते. टाकीच्या तळाच्या कॉकपासून नळी काढून तिच्या टोकाला हाताशी येईल असा व्हॉल्व्ह बसवावा. कॉक अडचणीत राहिला तर पाणी काढायचा कंटाळा होतो आणि टाकी आतून गंजते.

शेवटी, काम नसतानाही यंत्र मध्येच सुरू होत असेल, तर कुठेतरी गळती आहे. टाकी भरल्यावर वीज बंद करा, टाकीलगतचा व्हॉल्व्ह मिटा आणि टाकीच्या दाबमापकावर काट्याची जागा खडूने खुणावून ठेवा. सकाळी काटा तिथेच असेल, तर गळती पुढच्या नळात किंवा होजमध्ये आहे. तिथे साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधा. काटा उतरला असेल आणि प्रेशर स्विचखालच्या बारीक नळीपाशी सू-सू ऐकू येत असेल, तर चेक व्हॉल्व्ह (टाकीतली हवा पंपाकडे परत जाऊ न देणारी झडप) काढून साफ करा, पण टाकीतला दाब पूर्ण शून्यावर आणल्यानंतरच.