पेट्रोल फिल्टर आणि चिकटलेल्या नळ्या

पडद्यावर दिसते आहे ती १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या या गाड्यांचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत त्या टॅक्सी म्हणूनही धावत नाहीत. तरीही महाराष्ट्रात अनेक घरांनी त्या जिवापाड जपल्या आहेत, आणि त्या घरांसाठीच ही चित्रफीत आहे.

या गाडीची तक्रार साधी होती. सपाट रस्त्यावर ती बिनतक्रार धावत असे, पण खंबाटकीच्या चढाला लागली की झटके देऊ लागे, ॲक्सिलरेटर दाबावा तसतसा जोर कमी होत जाई, आणि दोन मिनिटे बाजूला उभी केली की जणू काही झालेच नव्हते अशी पुन्हा चालू लागे. उन्हाळ्यात असे झाले की ‘पेट्रोलची वाफ झाली’ असे म्हणून पंपावर ओले फडके टाकण्याची पद्धत आहे, आणि कित्येकदा ते निदान बरोबरही असते. फरक असा, की वाफेचा त्रास इंजिन थंड असताना होत नाही; फिल्टर तुंबलेला असेल तर मात्र ऐन थंडीतसुद्धा भरल्या गाडीने चढ घेताना कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधला, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या कप्प्यातला, साठा संपतो, कारण इंजिन जेवढे पेट्रोल मागते तेवढे फिल्टरमधून येत नाही. गाडी थांबली की चेंबर सावकाश भरतो आणि दुखणे गेल्यासारखे वाटते. आमची गाडी डिसेंबरच्या पहाटे अडली, तेव्हाच संशय फिल्टरवर गेला.

बोनेटखाली पाहिले, तर १०८९ घनसेंटिमीटरच्या या इंजिनाच्या बगलेवर, मेकॅनिक मंडळी ज्याला एसी पंप म्हणतात तो पेट्रोलचा यांत्रिक पंप आहे. कॅमशाफ्टच्या, म्हणजे कॅम नावाचे उंचवटे असलेल्या इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, हालचालीवर त्याचा पडदा वरखाली होतो, मागच्या टाकीतले पेट्रोल तो ओढून घेतो आणि कार्ब्युरेटरकडे ढकलतो. या गाडीत पंप आणि कार्ब्युरेटर यांच्या मधल्या नळीत पारदर्शक प्लास्टिकचा, कागदी घड्यांचा फिल्टर बसवलेला आहे. तो स्वस्त आहे आणि बदलायला सोपा आहे. अवघड आहेत त्या त्याच्या दोन्ही टोकांना असलेल्या, वर्षानुवर्षे तापून कडक झालेल्या रबरी नळ्या.

कामाला हात घालण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, शक्यतो रात्रभर. बॅटरीची ऋण तार सोडवून बाजूला ठेवावी. पेट्रोलची ज्वलनशील वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानालाही तयार होते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने वर उडून न जाता जमिनीलगत पसरते. म्हणून हे काम बंद गॅरेजमध्ये किंवा खड्ड्यावर न करता उघड्यावर करावे, आणि जवळपास देवघरातला दिवासुद्धा नसावा. कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवणे हा या कामाचाच भाग आहे. टाकीचे झाकण एकदा उघडून बंद केले की आत साठलेला दाब निघून जातो. टाकीतली पातळी नळीच्या उघड्या तोंडापेक्षा वर असेल, तर नळी निघताच पेट्रोल आपोआप वाहू लागते आणि थांबत नाही, तेव्हा तोंडात घट्ट बसेल असा एखादा गुळगुळीत बोल्ट आधीच शोधून ठेवावा.

आता नळीकडे या. क्लिपचा स्क्रू सैल केला आणि क्लिप मागे सरकवली, तरी नळी हलत नाही. रबरात मिसळलेली तेलकट द्रव्ये उष्णतेने आणि पेट्रोलने हळूहळू निघून जातात, रबर आकसते, आतल्या धातूच्या निपलला, म्हणजे नळी जिच्यावर चढवलेली असते त्या छोट्या तोटीला, घट्ट आवळते आणि अखेर त्याच्या पृष्ठभागालाच चिकटते. अशा नळीला माणूस स्वाभाविकपणे ओढतो, आणि तीच चूक ठरते, कारण ओढल्यावर नळी लांबते, लांबली की तिचा व्यास कमी होतो, आणि ती निपलला पूर्वीपेक्षाही घट्ट धरते. म्हणून आधी तिला आत ढकलावे आणि मग पिळावे. पकडीच्या जबड्यांना फडके गुंडाळून नळीचे टोक हलक्या हाताने धरावे आणि ते डावीउजवीकडे थोडे थोडे फिरवावे; चिकटलेला थर सुटतो तेव्हा अगदी बारीक ‘कट्’ असा आवाज येतो आणि नळी एकदम मोकळी फिरू लागते. तो आवाज येईपर्यंत बाहेर ओढण्याचा विचारही करू नये. तो आलाच नाही, तर टोकाला बोथट केलेली, किंचित वाकवलेली सळई रबर आणि निपल यांच्या फटीत सरकवून, साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडून, ती कडेकडेने फिरवावी. गरम पाण्यात बुडवून पिळलेले फडके नळीभोवती पाच मिनिटे धरले तरी रबर बरेच नरम पडते. लायटर, मेणबत्ती किंवा हीट गन यांचा मात्र इथे कोणत्याही कारणाने वापर करू नये.

इतकी काळजी कशासाठी, हे मी एका नुकसानातून शिकलो. काही वर्षांपूर्वी याच गाडीची कार्ब्युरेटरकडची नळी मी पकडीने धरून जोरात हिसकली. नळी निघाली, पण तिच्याबरोबर कार्ब्युरेटरच्या झाकणात ठोकून बसवलेले पितळी निपलही सैल झाले. ते बोटाने दाबून जागेवर बसवता येत होते आणि वरवर पाहता काहीच बिघडलेले दिसत नव्हते. तथापि चालत्या गाडीच्या कंपनाने असे निपल बाहेर येते, आणि मग पंप चालू असेतो पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडत राहते. जुन्या गाड्यांना आग लागण्याचे हे एक खरे आणि टाळता येण्याजोगे कारण आहे. त्यानंतर चांगल्या झाकणासाठी कुर्ल्यातल्या सुट्या भागांच्या बाजारात मी दोन रविवार फिरलो. नळी फुटाफुटाने कोणत्याही दुकानात मिळते. पद्मिनीचे कार्ब्युरेटर तसे मिळत नाही.

म्हणून पिळून आणि फिरवूनही नळी सुटली नाही, तर ती कापावी. तिला वाचवण्यात अर्थ नाही, कारण एवढी कडक झालेली नळी अखंड निघाली तरी ती पुन्हा बसवायची नसतेच. पाते निपलच्या दिशेने उभे न धरता अगदी तिरके धरावे आणि नळीच्या लांबीच्या दिशेने, दोनतीन हलक्या फेऱ्यांत, रबराची शेवटची पापुद्र्याएवढी जाडी शिल्लक राहील इतकेच कापावे. मग चिरेच्या दोन कडा बोटांनी दूर करून साल सोलावी तशी नळी सोलून काढावी. पाते धातूपर्यंत गेले, तर निपलवर उभा ओरखडा पडतो, आणि नव्या नळीखालून त्याच ओरखड्यातून पेट्रोल पाझरत राहते. निपलवर उरलेले काळे कण लाकडाच्या काडीने खरवडावेत, पॉलिश पेपरने नव्हे.

दोन्ही नळ्या एकाच वेळी बदलाव्यात, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. फिल्टरच्या पुढची नळी आतून सोलली जाऊ लागली, की तिचे कण अडवायला मध्ये काहीच नसते. ते सरळ कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, जातात, आणि नवा फिल्टर टाकूनही ‘कचरा येतोच आहे’ असे मालक म्हणत राहतो. नव्या नळीवर ती इंधनासाठी असल्याचे छापलेले पाहावे. ‘एसएई जे३० आर९’ असा शिक्का असलेली नळी घेतली तर उत्तम. आता पंपांवर सर्वसाधारणपणे मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. या गाडीच्या काळातले रबर त्याचा विचार करून बनवलेले नव्हते, आणि जुन्या टाकीच्या तळाशी व भिंतींना बसलेली घाणही इथेनॉलमुळे सुटी होते, त्यामुळे सुरुवातीच्या काही टाक्यांपर्यंत फिल्टर अपेक्षेपेक्षा लवकर भरू शकतो.

नळीचा आतला व्यास निपलशी जुळलाच पाहिजे. सैल नळी क्लिप आवळून घट्ट करण्याचा प्रयत्न फसतो. फिल्टरवरचा बाण पेट्रोलच्या वाहण्याच्या दिशेने, म्हणजे इथे पंपाकडून कार्ब्युरेटरकडे असावा. खाचा पाडलेल्या पट्टीची क्लिप जास्त आवळली, की रबर त्या खाचांमधून फुगून वर येते आणि कापले जाते. त्यापेक्षा गुळगुळीत पट्टीची, छोट्या नळ्यांसाठीची क्लिप वापरावी आणि ती नळीच्या टोकापासून थोडी आत, निपलच्या उंचवट्याच्या पलीकडे बसवावी. फिल्टर लोंबकळत ठेवू नये किंवा इंजिनाला टेकूही देऊ नये.

इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्यांसाठी एक इशारा येथेच देणे आवश्यक आहे. तिथे नळीतला दाब बहुधा ३ बार किंवा अधिक असतो, आणि गाडी बंद केल्यानंतरही तो टिकून राहतो. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवल्याशिवाय तिथली नळी सोडवू नये, आणि साधी नळी व साध्या क्लिपा तिथे चालणार नाहीत.

बॅटरीची तार जोडण्याआधी पंपाखालचा हाताचा खटका दाबून पेट्रोल वर आणता येते. खटका दाबूनही जोर लागत नसेल, तर कॅम नेमका वरच्या बाजूला थांबलेला असतो, आणि इंजिन थोडे फिरवले की खटका काम करू लागतो. फिल्टर भरताना वरच्या भागात हवेचा एक बुडबुडा राहतो, तो पाहून अनेकांना फिल्टर खराब निघाल्याची शंका येते. पण पेट्रोल कागदाच्या घड्यांमधून वाहत असेल, तर त्या बुडबुड्याने काहीच बिघडत नाही.

जुना फिल्टर फेकण्यापूर्वी उघड्यावर वाळवून हॅक-सॉच्या पात्याने हाताने कापला. कागदाच्या घड्यांत तांबूस, विटेच्या पुडीसारखी माती बसली होती, म्हणजे टाकी आतून गंजू लागली आहे. तिच्यात मिसळलेले काळे, मऊ चुरे पंपाच्या मागच्या नळीचे आहेत. तेव्हा पुढच्या रविवारी डिकीत उतरून टाकीच्या तोंडापासूनच्या नळ्या पाहायच्या आहेत.

तार जोडली, इंजिन सुरू केले आणि दहा मिनिटे तसेच चालू ठेवले. मग इंजिन बंद करून प्रत्येक सांध्याखाली कोऱ्या कागदाची घडी टेकवली. चारही वेळा कागद कोरडाच निघाला.