बल्बचा गोंगाट नेमका जातो कुठे?

नमस्कार मंडळी! हा बघा, 9 वॅटचा साधा एलईडी बल्ब. याच्या बुडात एक चिमुकलं सर्किट आहे आणि ते सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतं. आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची. तिच्या लाटेवर या चालू-बंदचे बारीक काटे उगवतात. त्यातले 2 ते 150 किलोहर्ट्झच्या पट्ट्यातले, ते सुप्राहार्मोनिक्स, म्हणजेच आपल्या बल्बचा गोंगाट. नाव भारदस्त, पण व्होल्टेज बहुधा मिलिव्होल्टांत.

आता हे मोजायचं. साध्या मल्टिमीटरला यातलं काही दिसत नाही. स्कोप, म्हणजे व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला, तर 8 बिटांचा स्कोप घरच्या विजेची अख्खी लाट मावेल अशा 800 व्होल्टांच्या 256 पायऱ्या करतो. म्हणजे एक पायरी 3 व्होल्टांची! ढोल-ताशा पथकात उभं राहून घड्याळाची टिकटिक ऐकण्यातला प्रकार. म्हणून आधी फिल्टर लावून 50 हर्ट्झ गाळायचे, मग उरलेलं सेकंदाला दहा-एक लाख नमुने घेत टिपायचं. आणि हो, घरी हे करू नका. स्कोपची क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते. ती फेजला लागली की भडका.

पण खरी गंमत आहे ती कुठे मोजायचं यात. स्वीडनच्या लुलेओ विद्यापीठातल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबलाइट वाढवत नेल्या आणि मोजत गेले. दिवे वाढतील तसा ग्रिडकडे जाणारा गोंगाट वाढेल, असंच कुणालाही वाटेल ना? तेवढा वाढला नाही. त्यातला बराचसा शेजारच्याच दिव्यांत शिरत होता.

कारण त्या दिव्यांच्या सर्किटमधले कपॅसिटर. 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर 50 हर्ट्झला सुमारे 32 हजार ओहम अडथळा करतो. 50 किलोहर्ट्झला फक्त 32! शेजारी इतकी सोपी वाट असताना तो करंट ट्रान्सफॉर्मरपर्यंत कशाला जाईल? म्हणून करंट मोजणारा क्लॅम्प दिव्याच्या वायरवर लावला तर एक आकडा, घराच्या वीजमीटरपाशी लावला तर भलताच.

मग ग्रिडला काहीच त्रास नाही? आहे, पण तो उलट्या बाजूने. युरोपात बरेच स्मार्ट मीटर याच तारांतून, 95 किलोहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यात, रीडिंग पाठवतात. तो सिग्नलही याच कपॅसिटरांत मुरतो. दिवा नुसता बडबडत नाही, मीटरचं बोलणं गिळतोसुद्धा. त्यामुळे दिव्याने किती सोडलं एवढ्यावर भागत नाही, त्या फ्रिक्वेन्सीला त्याचा इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा किती, तेही मोजावं लागतं.